पायलीचं वजन किती?



मी मुंबईच्या उपनगरात, जोगेश्वरीत राहते. इथल्याच महापालिकेच्या एका मराठी शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांना मी तीसेक वर्षं विज्ञान शिकवलं. माहेर माझं साताऱ्याकडचं, घरी कोरडवाहू शेती आणि दोन म्हशी. तेव्हा माप आणि वजन या गोष्टी मी आधी माहेरच्या ओसरीवर पाहिल्या आणि मग खूप वर्षांनी फळ्यावर लिहिल्या.

एकदा जूनमध्ये शाळा नुकतीच उघडली होती. सातवीच्या वर्गात वस्तुमान आणि वजन हा धडा चालू होता. सुट्टीत कोकणात आजोळी जाऊन आलेली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पायलीचं वजन किती असतं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तशीच थांबले. कशाची पायली? भाताची, नाचणीची की कुळथाची? आणि कुठली पायली? तिच्या आजोळची की माझ्या माहेरची? त्या एका प्रश्नात माझा सगळा धडा होता, आणि पुस्तकात पायली हा शब्दच नव्हता.

आता तुमच्यातल्या ज्या थोरल्या आहेत त्यांना हे कोष्टक तोंडपाठ असेल. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. माझी आजी खळ्यावर धान्य मापायची तेव्हा पहिल्या पायलीला एक म्हणायची नाही, 'लाभ' म्हणायची, आणि पुढे दोन, तीन. नवी सून घरात येते ती माप ओलांडूनच. ही सगळी मापं भांड्यांची. भांड्यात किती मावतं, म्हणजे धान्यानं किती जागा व्यापली, एवढंच ती सांगतात. जड की हलकं, हे मापटं सांगत नाही.

दुसरं कोष्टक वाण्याच्या दुकानातलं. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण. तोळा म्हणजे चांदीच्या एका रुपयाचं वजन. खात्रीचं वजन हाताशी नसलं की लोक तराजूच्या पारड्यात रुपये टाकूनसुद्धा तोलत. हा शेर आजच्या हिशेबानं सुमारे ९३३ ग्रॅम, आणि हा मण ३७ किलोंच्या थोडा वर.

बघा, शेर दोन झाले. एक मापाचा, एक वजनाचा. मणही दोन. मापाच्या मणात सोळा पायल्या, म्हणजे चौसष्ट शेर, आणि वजनाच्या मणात चाळीस शेर. नाव एक आणि गोष्टी दोन. मुलांना वस्तुमान, वजन आणि आकारमान यांत गोंधळ होतो म्हणून आपण त्यांना रागावतो. पण हा गोंधळ त्यांनी घातलेला नाही. आपल्या बोलण्यात तो शेकडो वर्षं मुक्कामाला आहे.

भरीला गावागणिक फरक. इंग्रजांच्या कारभारात खुद्द मुंबईच्या बाजारातला मण २८ रतलांचा होता, म्हणजे पावणेतेरा किलोंच्या आसपास. बंगालचा सरकारी मण मात्र ८२ रतलांच्या वर, म्हणजे जवळजवळ तिप्पट. व्यापाऱ्याला हे सगळे मण माहीत असायचे. एखाद्या बाईनं डोक्यावरून धान्य आणलं तर तिला एकच माहीत, आपल्या गावचा.

आणि मापात शीग असते. शिगोशीग भरणं म्हणजे काठाच्या वर रास करून भरणं. आजी सांगायची, घेणारा घेताना शिगेनं घेतो आणि देताना काठाशी हात फिरवून सपाट देतो. माप तेच, भांडं तेच, फक्त हाताची एक फिरवणी. तुम्हीच कधी मोजून पाहा, एका पायलीच्या शिगेत किती मुठी बसतात ते. ज्वारीची शीग उंच राहते, मोहरीची घसरते. आजीला हे सगळं ठाऊक होतं. ती शाळेत गेली नव्हती, पण फसवणूक नक्की कुठे होते ते तिला बरोबर दाखवता येत होतं.

हा गोंधळ मिटवायचे प्रयत्न सरकारी पातळीवर पुष्कळ झाले. मुंबई प्रांतात १९३२ साली वजनमापांचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली साऱ्या देशासाठी एकच कायदा आला. आधी नाणी बदलली, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. मग १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो आणि ग्रॅम आले, आणि १९६२ च्या एप्रिलपासून बाजारात शेर, मण, तोळा वापरायला कायद्यानं मनाई झाली. सोनारानं मात्र तोळ्याला सोडलं नाही. अकरा ग्रॅमांवरच्या तोळ्याचे त्यानं सरळ दहा ग्रॅम केले आणि नाव तेच ठेवलं.

किलो आला आणि एक मोठं काम झालं. मापानं धान्य विकणं मागे पडलं, सगळं तराजूवर आलं. गरीब बाईच्या दृष्टीनं हा कायदा फार मोलाचा होता असं माझं मत आहे, त्याची गाणी कोणी केली नाहीत एवढंच. दुकानदाराच्या वजनावर सरकारी छाप आहे की नाही हे बघायचा हक्क तिला मिळाला. तो हक्क आजही आहे, आणि त्यासाठी वैधमापन खातं आहे.

शाळेत मात्र किलोनं नवा घोळ घातला. आपण म्हणतो, माझं वजन पन्नास किलो. पुस्तक म्हणतं, किलो हे वस्तुमानाचं एकक आहे, वजनाचं एकक न्यूटन. मूल म्हणतं, बाई, मग काट्यावर काय खोटं लिहितात?

खोटं नाही. ही दोन नावं वेगळी होण्यामागेही एक गोष्ट आहे. १६७२ मध्ये झाँ रिशे नावाचा एक फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या केयेन इथे गेला. हे ठिकाण विषुववृत्ताजवळ. पॅरिसमध्ये बरोबर चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. लंबक तोच, घड्याळ तेच. तिथे पृथ्वीची ओढ किंचित कमी आहे, म्हणून लंबक जरा सावकाश हलत होता. पुढे १६८७ मध्ये न्यूटननं आपल्या ग्रंथात दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या. एक, वस्तूत पदार्थ किती भरलेला आहे ते. हे कुठेही न्या, बदलत नाही. हे वस्तुमान. दुसरी, त्या वस्तूला पृथ्वी किती जोरानं ओढते ते. हे वजन, आणि ते जागा बदलली की थोडं बदलतं. चंद्रावर तर सहावा हिस्साच उरतं. ओढणं किंवा ढकलणं म्हणजे बल. तेव्हा वजन हेही एक बलच.

आपल्या साध्या दोन पारड्यांच्या तराजूत एका बाजूला छापाचं वजन आणि दुसऱ्या बाजूला साखर. पृथ्वी दोन्ही पारडी सारखीच ओढते, म्हणून तो तराजू चंद्रावर नेला तरी एक किलो साखर एक किलोच दाखवील. पण भंगारवाल्याच्या हातातला हुकाचा काटा, ज्यात स्प्रिंग ताणली जाते, तो ओढ मोजतो. तो चंद्रावर त्याच साखरेला दीडशे ग्रॅमांच्या थोडं वर दाखवील. आजीचा तराजू हा खरा वस्तुमानाचा तराजू होता, हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

हे वर्गात कसं सांगायचं? पहिली काही वर्षं मी व्याख्या पाठ करून घेतल्या. 'द्रव्यसंचय' हा शब्द मुलं इतक्या सुरात म्हणायची की बाहेरून वाटावं प्रार्थना चालू आहे. अर्थ एकालाही माहीत नसायचा. त्या काळात मुंबईतच या प्रश्नावर काम चालू होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झालं, आणि त्याचा पहिला संसार होता नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या इमारतीत. प्रा. वि. गो. कुलकर्णी हे त्याचे पहिले संचालक. या लोकांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातल्या खेड्यांतल्या शाळांबरोबर काम केलं आणि मुंबईच्या महापालिका शाळांतल्या मुलांबरोबरही. त्यांच्या कामातली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. मूल विज्ञानात मागे पडतं ते पुष्कळदा विज्ञानामुळे नाही, पुस्तकाच्या भाषेमुळे. भाषा सोपी केली की वर्गातली गप्प मुलं बोलायला लागतात, प्रश्न विचारायला लागतात.

मग मी पाळण्यापासून सुरुवात करायला लागले. पाळणा दोरीला टांगलेला असतो. बाळाचं सगळं वजन दोरी पेलते, तुमच्या हातावर काही येत नाही. तरी रिकाम्या पाळण्याला झोका देणं आणि बाळ निजलेल्या पाळण्याला झोका देणं, यांतला फरक हाताला कळतो. अंधारातसुद्धा कळतो. हलायला जो नको म्हणतोय, थांबायलाही जो नको म्हणतोय, तो बाळाच्या वस्तुमानाचा हट्ट. सातवीतल्या निम्म्या मुली घरी धाकट्या भावंडांना झोके देत होत्या. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

दुसरा विहिरीचा पोहरा. पाण्यात बुडालेला असतो तोवर ओढायला हलका, पाण्याबाहेर आला की एकदम हात खाली जातो. पोहऱ्यातलं पाणी वाढलं का? नाही. वस्तुमान तेच, पृथ्वीची ओढही तीच. पाण्यात असताना खालचं पाणी त्याला वर ढकलत होतं, ते ढकलणं बाहेर आल्यावर थांबलं. जोगेश्वरीच्या चाळीतल्या मुलांना विहीर माहीत नव्हती, त्यांना मी पिंपात बुडवलेल्या कळशीवर भागवलं. तुमच्या मुलांना विहीर आहे, ती वापरा.

आणि घनता. घनतेसाठी मी पायलीकडेच परत गेले. एक लिटरचा एकच डबा घ्यायचा, सपाट भरायचा, शीग नाही. त्यात तांदूळ भरून तोलले तर आठशे ग्रॅमांच्या आसपास भरतात. त्याच डब्यात कुरमुरे भरले तर शंभर ग्रॅम भरायचीसुद्धा मारामार. मीठ किलोच्या वर जातं. पाणी बरोबर एक किलो. जागा तेवढीच, माल कमीजास्त, याला घनता म्हणायचं. (धान्यात दाण्यांमधली हवाही डब्यात मोजली जाते, म्हणून ही नुसत्या दाण्याची घनता नव्हे. मुलांनी विचारलं तर सांगावं, नाही विचारलं तर वाट बघावी.) त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तिनं स्वतःच वहीत लिहिलं: पायलीला वजन नसतं, पायलीत जे भरतो त्याला असतं.

एक वर्ष मी मुलांना घेऊन जोगेश्वरीच्या लेण्यात गेले. सहाव्या शतकातलं हे लेणं आमच्या वस्तीच्या मधोमध आहे, भोवती घरंच घरं. मुलं म्हणाली, बाई, इथे मोजायचं काय? मी म्हटलं, जे इथे नाही ते मोजा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढा दगड दोन-अडीच टनांचा असतो. सुतळी घेऊन पोरं एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत मोजायला लागली, आणि दोन खांबांमधला एवढा एक तुकडा पोकळ करायला किती ट्रक दगड बाहेर न्यावा लागला असेल याचा हिशेब करता करता गप्प झाली. तेव्हा ट्रक नव्हते, हे कुणीतरी हळूच म्हणालं.

घनता न कळण्याची किंमत बाई रोज मोजते. तेलाच्या पिशवीवर बघा. एक लिटर लिहिलं असेल तर त्याखाली बारीक अक्षरात ९१० ग्रॅम लिहिलेलं सापडेल. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून लिटरभर तेल किलोभर भरत नाही. एका दुकानात लिटरचा भाव आणि दुसऱ्या दुकानात किलोचा भाव विचारून स्वस्त कुठे ते ठरवलं, तर नव्वद ग्रॅमांची चूक आधीच झाली.

आता दुधाकडे येते. माझ्या शाळेच्या पलीकडे, टेकडीमागे आरे दूध वसाहत. मुंबईत वस्तीत जागोजागी म्हशींचे तबेले होते, आमच्या जोगेश्वरीतही होते. शहरातल्या म्हशी बाहेर काढून एका जागी ठेवायच्या म्हणून १९४९ मध्ये आरेची उभारणी झाली आणि १९५१ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन. या सगळ्यामागे दारा खुरोडी नावाचे अधिकारी होते. म्हशीच्या दाट दुधात साय काढलेल्या दुधाची पावडर आणि पाणी मिसळून स्वस्त 'टोन्ड' दूध करण्याची पद्धत त्यांचीच. १९६३ साली त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दूध गोळा करायचं म्हणजे पारखायचं आलं, आणि तिथे लॅक्टोमीटर आला. काचेची नळी, खाली फुगा, त्यात शिशाच्या गोळ्या. दुधात सोडली की तरंगते. दूध जेवढं घन तेवढी ती वर राहते. २८ आकडा लागला तर लिटरभर दूध १०२८ ग्रॅम आहे असं समजायचं. पाणी १००० ग्रॅमच, म्हणून पाणी घातलं की आकडा उतरतो. पण साय पाण्याहूनही हलकी असते. ती काढून घेतली की उरलेलं दूध अधिक घन होतं आणि आकडा चढतो. म्हणजे साय काढायची, मग पाणी घालायचं, आकडा पुन्हा जागेवर! लबाडाला ही काच पकडत नाही, म्हणून फॅट वेगळं तपासावं लागतं. पण प्रामाणिक बाईला ती अडकवू शकते.

१९८८ चा मे. मी माहेरी गेले होते. सकाळी वहिनी दूध घालून आली ती कुणाशी बोलेना. मी विचारलं तर म्हणाली, "काय सांगायचं वन्सं. चार दिस झालं, डिग्री लागंना म्हणत्यात. आज समद्यांम्होरं म्हणलं, पाणी घातलंय." म्हैस तिची, धार तिची, पाण्याचा थेंब नाही. त्या केंद्रावर २८ च्या खाली भाव कापायचे. हिचं दूध २६ आणि २७ च्या मध्ये लागत होतं.

भाची तेव्हा सातवी झालेली. ती आणि मी ओसरीवर बसून विचार करत होतो. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "आत्या, मागल्या वाडीतल्या बायांचं कधी कमी लागत नाही, त्या तर तासभर चालत येतात." आमचं घर केंद्राला लागूनच. वहिनी धार काढायची आणि पाच मिनिटांत रांगेत पहिली. दूध म्हशीच्या अंगाइतकं गरम, वर फेस. गरम झालं की दूध पसरतं, तेवढ्याच जागेत माल कमी मावतो, घनता उतरते. फेसातली हवा आणखी थोडी उतरवते. वाडीतल्या बायांचं दूध वाटेत निवायचं. जी सगळ्यांत ताजं दूध घालत होती तीच लबाड ठरत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी गेलो. आकडा लागला, साडेसव्वीस. वहिनीनं ते दूध तिथेच, त्याच मुलाच्या डोळ्यांसमोर, किटलीसकट पाण्याच्या हौदात धरून ठेवलं. तास-दीड तास. रांग संपत आली होती, तरी बऱ्याच बाया थांबल्या होत्या. केंद्रावरचा मुलगा वाईट नव्हता, पण त्याला कोणी काही शिकवलंच नव्हतं. त्यानं पुन्हा काच सोडली. अठ्ठावीसला टेकली.

तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "उद्यापासून जरा उशिरानं या, ताई."

वहिनी म्हणाली, "पोरी, त्या काचंवर काय लिवलंय ते वाच. मोठ्यांदा."

भाचीनं काच उन्हात धरली. आकड्यांच्या शेजारी अगदी बारीक अक्षरात ८४ अंश फॅरनहाइट असं छापलेलं होतं, म्हणजे सुमारे २९ सेल्सिअस. दूध एवढंच गरम असेल तरच हा आकडा खरा. तिनं ते दोनदा वाचलं. रांगेतल्या बायांनी आपापल्या किटल्यांना बाहेरून हात लावून बघितला.